धातूचा गिअर की प्लॅस्टिकचा? एका आजीचं मत



शीर्षक वाचून हसला असाल, तर हसा. साठी ओलांडल्यावर मी रिमोटवर चालणाऱ्या ट्रकच्या गिअरवर लिहिते आहे. पण माझ्या एका सल्ल्यामुळे नातवाचा ट्रक अख्खी मे महिन्याची सुट्टी कपाटावर पडून राहिला. पोरगं एका शब्दानं बोललं नाही, तेच मला जास्त लागलं. चूक कुठे झाली ते शोधताना जे कळलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात असा ट्रक आला असेल, नाहीतर येत्या वाढदिवसाला येईल.

हा ट्रक म्हणजे आपण जत्रेत घ्यायचो तसलं खेळणं नव्हे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा, मोठ्या खडबडीत टायरचा, बॅटरीवर चालणारा आणि पार्ट न् पार्ट सुटा मिळणारा. नातवानं दोन वर्षांचे वाढदिवसाचे नि दिवाळीचे पैसे साठवले, उरलेले त्याच्या पप्पांनी घातले, तेव्हा तो घरात आला.

चातुर्मासात ओल्या गवतात ट्रक न्यायचा नाही, बारीक जीव चिरडतात, हा आमच्या घरचा नियम. म्हणून पावसाळाभर तो गच्चीवरच्या सिमेंटवर चालला. तेवढ्यात दोनदा एकच पार्ट गेला. मोटरजवळचं प्लॅस्टिकचं मोठं दातेरी चाक. दाते झिजून सपाट झाले, मोटर नुसती घरघरायची आणि ट्रक जागचा हलायचा नाही. दर वेळी ३५० रुपये आणि पार्ट येईपर्यंत आठ-दहा दिवस.

दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच. एकदाच काय ते पोलादी घाल, जन्माची कटकट मिटेल." आपल्या पिढीला पितळ-स्टीलचा भरवसा फार. लग्नातला पितळी डबा अजून वापरात आहे आणि प्लॅस्टिकचे किती डबे आले-गेले त्याची गणती नाही. मुलगा म्हणाला, "आई, कंपनीनं प्लॅस्टिकचं दिलंय तर काहीतरी कारण असेल." मी म्हटलं, "कारण काय, पैसे वाचवायचे!" दिवाळीच्या ओवाळणीतून ११०० रुपयांचं पोलादी चाक आलं.

थंडीभर ट्रक शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या मऊ मातीत मस्त चालला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग मेच्या पहिल्याच आठवड्यात पोरांनी फळीचा उतार लावून शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर ट्रक उडवला. तिसऱ्या उडीला कडकन आवाज झाला. माझं पोलादी चाक शाबूत होतं. पण मागच्या डिफरन्शियलचे दाते तुटले आणि त्याच ठोक्यात गिअरबॉक्सच्या कव्हरला तडा गेला. नवा संच आणि कव्हर मिळून २६०० रुपये, आणि पार्ट आले ते जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर.

कव्हर चिकटवून तरी चालेल का, म्हणून मी ते एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे घेऊन गेले. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "काकू, ह्येच्या आधी काय तुटत हुतं?" मी म्हटलं, "एक प्लॅस्टिकचं चाक." ते म्हणाले, "मग त्येच तुटत हुतं ते बरं हुतं की."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं ते आता तुम्हाला सांगते. मोटरच्या टोकाला एक छोटं धातूचं चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. त्याला लागून मोठं चाक, तो स्पर गिअर. समजा पिनियनला १८ दाते आहेत आणि स्परला ९०. मग मोटरचे पाच फेरे झाले की स्परचा एक होतो. वेग पाचपट कमी होतो आणि जोर त्या प्रमाणात वाढतो. तो जोर दांडीवरून डिफरन्शियलमध्ये आणि तिथून चाकांत जातो.

आता ट्रक हवेत असताना पोरं बटण दाबूनच ठेवतात. चाकं मोकळी, म्हणून गरगर फिरत राहतात. खाली सिमेंटवर टेकली की टायर एकदम पकड घेतात, पण मोटर अजून रेटतच असते. तो हिसका सगळ्या दात्यांतून उलटा जातो. मातीत टायर थोडा घसरतो आणि हिसका विरतो, सिमेंट मात्र घसरू देत नाही. म्हणजे गच्चीवरचं नुकसान आणि थंडीतलं सुख, दोन्ही जमिनीमुळे होतं. श्रेय मी चाकाला दिलं.

हिसका आला की सगळ्यात कमजोर जागा तुटणार. ती जागा आपण पोलादी केली, तर तुटणं थांबत नाही, पुढच्या जागी सरकतं. स्पर गिअर एका झाकणाखाली असतो, तीन-चार स्क्रू काढले की पंधरा मिनिटांत बदलतो. डिफरन्शियलसाठी मागचा निम्मा ट्रक उकलावा लागतो. कारखान्यानं स्वस्त आणि हाताशी असलेला पार्ट मुद्दाम कमजोर ठेवला होता, आणि मी त्याला कंजूषपणा समजले.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. आपल्या मिक्सरच्या भांड्याखाली प्लॅस्टिकचा किंवा रबरी कपलर असतो ना? ओल्या खोबऱ्यात पातं अडकलं की तो खातो मार, मोटर वाचते. माझ्या माहेरी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडतात, त्याच्या दांडीत एक शिअर बोल्ट असतो. दगड लागला की तो बोल्ट तुटतो, गिअरबॉक्स नाही. एकदा भावानं वैतागून त्या जागी कडक बोल्ट ठोकला आणि गिअरबॉक्स उघडायची वेळ आली. तेव्हा मीच त्याला हसले होते!

मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पोलादी चाक ११०० आणि त्यामागून आलेला खर्च २६००, एकूण ३७००. एवढ्यात प्लॅस्टिकचे दहा गिअर येऊन वर २०० उरले असते. कॉलेजात भांडवली खर्च आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा मांडायला शिकवलं होतं. प्लॅस्टिकचा स्पर हा दुरुस्तीचा खर्च आहे, विम्याच्या हप्त्यासारखा. मी तो हप्ता वाचवायला गेले आणि भांडवलालाच हात लागला.

धातूचे आणखी काही मुद्दे दुकानदार सांगत नाहीत. पोलाद नायलॉनपेक्षा जवळजवळ सातपट जड. तेवढं चाक फिरवायला मोटरला जास्त कष्ट आणि बॅटरीला जास्त भार. आवाजही कर्कश. आमच्या ह्यांची दुपारची झोप त्यानं मोडायची. प्लॅस्टिकचा गिअर धातूच्या पिनियनबरोबर कोरडाच चालतो. धातूवर धातू आली की वंगण लागतं, आणि उघड्या वंगणावर धूळ बसली की त्याचा पॉलिशपेपर होतो. शिवाय "मेटल" म्हणजे पोलादच असं नाही. स्वस्तातले काही गिअर ओतीव, ठिसूळ धातूचे असतात. दिसायला चकचकीत, पण दाता तुटला की चुरा आत फिरून बाकीचे दाते खातो.

मग धातू नकोच का? असं माझं म्हणणं नाही. जिथे पोहोचायला त्रास, तिथे मजबूत धातू हवी. डिफरन्शियलच्या आतले गिअर धातूचेच असावेत, विशेषतः ट्रकला जोरदार ब्रशलेस मोटर असेल तर. दगडावरून हळूहळू चढणारे क्रॉलर ट्रक असतात, त्यांचा वेग कमी पण जोर सतत, त्यांनाही धातू बरी. पुढची चाकं वळवणाऱ्या सर्व्होच्या आतले गिअर इवलेसे असतात. चाक भिंतीवर आदळलं की प्लॅस्टिकचे दाते जातात, म्हणून तिथेही धातू चालेल, फक्त धक्का सोसणारी स्प्रिंग शाबूत हवी. पण मोटरजवळचं ते मोठं चाक, ते प्लॅस्टिकचंच राहू द्या.

आणि प्लॅस्टिक वारंवार जात असेल, तर त्याला नावं ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, दोन चाकांतली फट. फार घट्ट असली तर प्लॅस्टिक तापून मऊ होतं, फार सैल असली तर फक्त टोकं लागतात आणि दाते सोलवटतात. सोपी युक्ती आहे. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही चाकांत घालायची, मोटर त्यावर टेकवून स्क्रू आवळायचे, मग चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये.

दुसरी, स्लिपर क्लच. बऱ्याच ट्रकमध्ये स्पर गिअरला स्प्रिंगनं दाबलेली एक चकती असते. हिसका आला की ती जराशी घसरते आणि दाते वाचतात. आमच्याकडे पोरांनी तिचा नट पूर्ण आवळून टाकला होता, "ट्रक पळतो" म्हणून! तो ट्रकच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच आवळायचा.

तिसरी, झाकण. ते नसलं की खडा आत जातो, आणि खड्यापुढे प्लॅस्टिक काय नि पोलाद काय.

आमच्याकडे पहिल्या दोन्ही गोष्टी चुकलेल्या निघाल्या. म्हणजे प्लॅस्टिकचा दोष नव्हताच. आम्ही त्याला नीट बसवलं नव्हतं.

सूनबाईचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, "आई, दर वेळी प्लॅस्टिकचा कचरा होतो त्याचं काय?" मुद्दा खरा आहे, मी तो टाळणार नाही. पण तडकलेलं गिअरबॉक्सचं कव्हर हेही प्लॅस्टिकच, आणि स्पर गिअरपेक्षा कितीतरी मोठं. कचरा कमी करायचा तर फट नीट ठेवणं आणि हवेत बटण सोडायला पोरांना शिकवणं हाच मार्ग. एवढं सगळं करूनही प्लॅस्टिक टिकत नसेल, तर मग धातू घाला, पण क्लच सैल ठेवून. म्हणजे तुटायची नाही, तरी सुटायची एक जागा राहील.

दुकानात "फुल्ल मेटल" ऐकून लगेच हो म्हणू नका. दोन प्रश्न विचारा. एक, हा पार्ट तुटला नाही तर याच्यामागे काय तुटेल? दोन, यातलं सगळ्यात आधी तुटणारं चाक सुटं मिळतं का, केवढ्याला? दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर गिअर सोन्याचे असले तरी तो ट्रक घेऊ नका.

२६०० रुपये मी माझ्या पैशांतून दिले. सल्ला माझा होता, भुर्दंड त्याला का? जूनमध्ये नातवानं आणि मी डायनिंग टेबलावर जुना पेपर पसरून ट्रक जोडला. कागदाची पट्टी मी धरली, स्क्रू त्यानं आवळले. मी म्हटलं, "बाळा, माझं चुकलं." तो मान वर न करता म्हणाला, "आजी, पट्टी सरळ धर ना."

आता माझ्या जुन्या मसाल्याच्या डब्यातल्या एका वाटीत दोन जास्तीचे स्पर गिअर आहेत. पोलादी चाकही तिथेच ठेवलंय, मीच ठेवायला लावलं.

तुमच्या घरी काय अनुभव आहे, जरूर कळवा. मुलांना विचारून कळवलंत तर आणखी छान.

जय जिनेंद्र.