उजिजीच्या दगडावरची रिकामी जागा

टांझानियात, टांगानिका सरोवराच्या काठी उजिजी हे जुनं बंदर आहे. पत्रकार हेन्री स्टॅन्लीला शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७१ साली इथेच भेटले. आंब्याच्या सावलीत त्या भेटीचं दगडी स्मारक उभं आहे, त्यावर आफ्रिकेचा नकाशा.

पण उजिजी म्हणजे फक्त दोन गोऱ्यांची गाठभेट नव्हे. सरोवरापलीकडून पकडून आणलेली माणसं इथे होड्यांतून उतरत आणि हस्तिदंताची ओझी वाहत पार बागामोयोच्या समुद्रापर्यंत पायी हाकली जात. हे स्मारकाजवळच्या फलकांवर ठळकपणे यायलाच हवं.

त्या भेटीतही आणखी माणसं होती. स्टॅन्लीला सामोरा धावला तो लिव्हिंगस्टनचा सेवक सूसी. त्याचा सोबती चुमा काही काळ मुंबईच्या शाळेत शिकलेला. पुढे लिव्हिंगस्टनच्या ताफ्यात आलेला जेकब वेनराइट हा तर गुलामीतून सुटून नाशिकच्या शरणपुरात वाढलेला मुलगा! १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचा स्मृतिलेख कोरला तो त्यानेच. मग या साऱ्यांनी मिळून तो देह शेकडो मैल चालत किनाऱ्यावर पोचवला.

ही नावं उजिजीत मोठ्या अक्षरांत हवीत, स्वाहिलीतही. आणि शरणपुरात वेनराइटच्या नावाचा एक फलक नाशिककरांनी लावावा.