आधीं प्रश्न, मग यंत्र

आमच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत घडलेलीं भांडीं पुष्कळ घरीं आहेत. त्यांस आंतून कथलाची कल्हई लावतात. परंतु त्या कथलांत शिसें मिसळलेलें असल्यास डोळ्यांस तें ओळखूं येत नाहीं, आणि आंबट आमटीबरोबर तें पोटांत जाण्याचा संभव असतो. एखाद्या विद्यार्थ्यास ही शंका आल्यास त्यानें कोठें जावें?

क्ष-किरणांनीं धातूंतील मूलद्रव्यें ओळखणारें यंत्र कोणत्याहि शाळेस परवडणारें नव्हे. अशीं बहुमोल यंत्रें अनेकांनीं मिळून वापरावींत या हेतूनें मुंबईस पवई येथील तंत्रसंस्थेंत १९७६ सालीं सामायिक उपकरणकेंद्र निघालें. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांतहि मध्यवर्ती उपकरणकेंद्र आहे. अशा केंद्रांत शुल्क घेऊन बाहेरचे नमुनेहि तपासतात. शिक्षकांमार्फत विचारणा करण्यास संकोच कसला?

मात्र पुष्कळजण आधीं रांगेंत क्रमांक लावतात आणि विचार मागाहून करतात, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. कल्हईचा थर अति पातळ; किरण तो भेदून खालीं जातात, म्हणून उत्तरांत तांबें येणारच. हें ज्यास ठाऊक नाहीं तो बिचाऱ्या कल्हईवाल्यास दोष देऊन मोकळा होईल! शिशाचें प्रमाण ठाऊक असलेला कथलाचा तुकडा त्याच यंत्रांत तपासून दोन्ही उत्तरें ताडून पाहिलीं पाहिजेत. आणि यंत्रचालकापुढें नमुना टाकून “यांत काय आहे तें पाहा” म्हणणें, म्हणजे वैद्यापुढें हात धरून दुखणें न सांगणेंच होय. पालकांनीं शुल्काचे पैसे देण्यापूर्वीं मुलाकडून त्याचा प्रश्न एका वाक्यांत लिहून घ्यावा.