सत्कार पुरे, प्रवेश द्या

आपल्या भाषेने सैनिकाला दोनच अवस्था बहाल केल्या आहेत. सेवेत असेपर्यंत तो ‘जवान’, परतला की ‘माजी’. त्याला ‘विद्यार्थी’ म्हणायचे आपल्याला सुचत नाही. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस बहुधा पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान घरी येतो. पुढची पंचवीस वर्षे त्याने काय करावे? समाजाचे उत्तर ठरलेले आहे : बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहावे.

नांदेड-लातूरला विज्ञानशिक्षणाचा मोठा अभिमान. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती राज्यभर, विष्णुपुरीची अभियांत्रिकी संस्था १९८१ची, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४चे. पण ही सारी यंत्रणा सतरा वर्षांच्या मुलाकडे तोंड करून उभी आहे. पंधरा वर्षे वायरलेस संच वा रणगाड्याचे इंजिन दुरुस्त करणाऱ्या माणसाला ती विचारते, बारावीला भौतिकशास्त्र होते काय? दहावीच्या गुणपत्रिकेवर भरती झालेल्याने काय सांगावे?

शासनाची तऱ्हा आणखी मासलेवाईक आहे. २००६-०७ पासून सुरू असलेली पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या पाल्यांना व विधवांना मिळते. अभियांत्रिकी प्रवेशातील संरक्षण दलाच्या राखीव जागाही पाल्यांसाठीच. दोन्ही योग्यच, पण खुद्द सैनिक कुठे आहे? १९८६च्या केंद्रीय नियमानुसार पंधरा वर्षे सेवा केलेला दहावी उत्तीर्ण सैनिक ‘क’ गटातील काही पदांसाठी पदवीधरासमान धरला जातो. अट एवढीच की त्या पदाला तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव आवश्यक नसावा! म्हणजे कारकुनी करायला तो पदवीधर, यंत्राजवळ जायला मात्र नाही.

२०२२मध्ये अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पदवी जाहीर झाली. निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाचे. कल्पना उत्तम. पदव्या कोणत्या? बी.ए., बी.कॉम., बी.ए. (व्यावसायिक), बी.ए. (पर्यटन व्यवस्थापन). त्या यादीत बी.एस्सी. नव्हती. यंत्रे हाताळून मिळवलेल्या श्रेयांकांवर कलाशाखेची पदवी!

इथे आम्हा मराठीच्या अध्यापकांनाही बोलले पाहिजे. वर्गसंख्या टिकवण्याच्या धास्तीने आम्ही अशा प्रौढ विद्यार्थ्याचे नाव आनंदाने पटावर घेतो. तो आवडीने साहित्याकडे आला असेल तर स्वागतच. पण दुसरे दार बंद म्हणून आला असेल, तर त्याच्या कोंडीवर आमचा कार्यभार पोसला जातो आहे. ही बाब अभिमानाची नव्हे.

‘दर्जा घसरेल’, हा आक्षेप येणारच. तो जुना आहे. अमेरिकेत १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना उच्च शिक्षणाचा खर्च मिळाला, तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनीही हीच भीती व्यक्त केली होती. सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत गेले, आणि हार्वर्डने पाहिलेल्या विद्यार्थ्यांत हे सर्वांत प्रगल्भ, असे कोनंट यांनाच पुढे म्हणावे लागले. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र त्या योजनेत दुजाभाव सोसावा लागला. तिचे अनुकरण करताना तोही धडा लक्षात ठेवावा.

मागणी साधी आहे. विद्यापीठाने माजी सैनिकांसाठी गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी यांचा वर्षभराचा सेतू अभ्यासक्रम सुरू करावा. लष्करी प्रशिक्षणाला विज्ञान-तंत्रज्ञानाचे श्रेयांक द्यावेत. काही अधिसंख्य जागा व शुल्कमाफी द्यावी. लष्करी हिंदी-इंग्रजीत मुरलेले त्यांचे ज्ञान पाठ्यपुस्तकाच्या भाषेत आणण्याचे काम मराठी विभागांनी अंगावर घ्यावे.

२०२२च्या अखेरीपासून दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ संपता संपता भरू लागतात. कायम सेवेत राहणार ते जास्तीत जास्त चौथा हिस्सा. उरलेले विशी-पंचविशीचे तरुण आपल्याच जिल्ह्यांत परततील. ध्वजदिनाला शाल-श्रीफळ देऊन त्यांची बोळवण करता येणार नाही. त्यांना प्रवेशअर्ज द्यावा लागेल.