मजकूर आपला, किल्ली त्यांची



आईने २००३ साली साताऱ्याच्या नेटकॅफेतून पाठवलेलं पत्र परवा उघडलं. पडद्यावर डॉलरची चिन्हं, तिरक्या रेघा आणि डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं! तो फॉन्ट आता माझ्याकडे नाही. विचारायला आईही नाही.

"मराठी संगणकाला झेपतच नाही" असं आपल्यातलेच लोक सांगत आले. साफ खोटं! युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज एक्सपीमध्ये एका चौकटीत खूण करून सीडी घातली की काम भागायचं. ते जुने फॉन्ट मात्र रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत, आणि या जागा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. फॉन्ट गेला की मजकूर गेला.

आणि आपण संगणकवाले? दिवसा साहेबाची सॉफ्टवेअरं जपानी-अरबीत चालवून दिली, रात्री मंडळाचं इतिवृत्त त्याच बंदिस्त फॉन्टात टंकलं. मीही त्यातलाच. कॅफेवाल्याला तो फॉन्ट सीडीवर मीच नेऊन दिला होता!

बरं, हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर देणग्या मागणाऱ्या संस्थांच्या पीडीएफ आजही अशाच येतात. परिच्छेद कॉपी करा, तीच भेळ. अंध वाचकाच्या स्क्रीनरीडरला त्यात एक शब्द धड सापडत नाही, आणि आपण समतेवरचा तो लेख कौतुकाने पुढे ढकलतो. अशा पीडीएफ "युनिकोडमध्ये पाठवा" एवढंच लिहून परत करा. या आठवड्यात मी दोन केल्या. एकीचं उत्तर आलं, रोमन लिपीत.