काडतुसांची काटकसर आणि बाजाराचे गणित

तयार काडतुसे दुकानात मिळत असतानाही अमेरिकेतील असंख्य नेमबाज आणि शिकारी ती घरी भरणे पसंत करतात. झाडलेल्या काडतुसाचे पितळी आवरण जपून ठेवायचे, त्यात नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची, असा हा 'रिलोडिंग'चा खटाटोप. त्याचे पहिले समर्थन नेहमी पैशांचेच असते. मात्र गेल्या काही वर्षांत या काटकसरीची सूत्रे घरातल्या टेबलावरून निसटून जागतिक बाजारपेठेच्या हाती गेली आहेत.

मुळात हिशेब सोपा आहे. काडतुसाचे पितळी आवरण महाग असते आणि नेमके तेच पुन्हा पुन्हा वापरता येते. दारू पौंडाने मिळते व एका पौंडात ७,००० ग्रेन भरतात. ९ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसाला सुमारे ५ ग्रेन दारू लागते. पौंडाचा भाव ४० डॉलर धरला, तर दारूचा खर्च प्रत्येकी तीन सेंटही होत नाही. .३०८ रायफलच्या काडतुसाला मात्र सुमारे ४४ ग्रेन लागतात आणि हाच खर्च २५ सेंटवर जातो. दारू महागली की रायफलवाला पोळतो. प्रायमर महागला की पिस्तुलवाला. तरीही खरी बचत महागड्या रायफल काडतुसांतच होते. ९ मिलिमीटरची काडतुसे कारखान्यांतून प्रचंड संख्येने बाहेर पडत असल्याने तेथे घरच्या मेहनतीला फारसे मोल उरत नाही.

खरेदीच्या पद्धतीलाही महत्त्व आहे. दारू व प्रायमर हे धोकादायक पदार्थ असल्याने ते घरपोच मागवताना प्रत्येक पार्सलवर वेगळे शुल्क बसते. ते ३० डॉलर धरले, तर हजार प्रायमरमागे प्रत्येकी तीन सेंटचा भुर्दंड पडतो. दहा हजार मागवल्यास तो सेंटच्या एकतृतीयांशाहून कमी होतो. त्यामुळेच मित्रमंडळींनी मिळून मागणी नोंदवण्याची प्रथा रूढ झाली. अर्थात साठ्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या संहितेनुसार घरात साधारणपणे २० पौंड दारू आणि १०,००० प्रायमर यांहून अधिक साठा करू नये.

तथापि, सर्वांत मोठा शत्रू भाव नसून भीती आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर कायदे कडक होतील या धास्तीने दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या. २०२० मध्ये करोना आणि निवडणूक एकत्र आल्यावर तेच घडले. त्या वर्षी शस्त्रखरेदीशी निगडित पार्श्वभूमी तपासणीची संख्या ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेली. हजार प्रायमर पूर्वी ३० ते ३५ डॉलरना मिळत. टंचाईच्या काळात हातोहाती होणाऱ्या विक्रीत त्यांनी शंभरी ओलांडली. टंचाईच्या भीतीने केलेली साठेबाजीच टंचाई निर्माण करते, हा बाजाराचा जुना धडा येथेही गिरवला गेला.

त्यानंतर आले युक्रेनचे युद्ध. बिनधुराच्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज हा असतो आणि तो बनतो सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून. युरोपातील तोफगोळ्यांचे कारखाने चीनहून येणाऱ्या या तंतूंवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. तोफांची भूक वाढली तसा छंदिष्टांचा वाटा आटला. २०२४ मध्ये अलायंट या नामवंत कंपनीला हौशी ग्राहकांसाठीच्या दारूचा पुरवठा काही काळ थांबवावा लागला. डोन्बासमधील लढाईचा भार असा मोंटानातील शिकाऱ्याच्या खिशावर पडला.

पुरवठादारही मूठभरच आहेत. अमेरिकेत प्रायमर बनवणारी फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन व विंचेस्टर ही चार प्रमुख नावे. रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिचा काडतुसांचा व्यवसाय फेडरल व सीसीआयची मालक असलेल्या कंपनीनेच घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही तिन्ही नावे सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरच्या व्यवहारात एका चेक उद्योगसमूहाकडे गेली. चारांपैकी तीन नावांचा धनी एकच असेल, तर ग्राहकाच्या निवडीला कितीसा अर्थ उरतो?

भारतात चित्र वेगळे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे दारूगोळा बाळगायलाही परवाना लागतो. शिवाय कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात ऑलिंपिक कांस्य जिंकले, त्यातील .२२ काडतुसाची स्फोटके कडेतच भरलेली असतात. ते व्यवहारात पुन्हा भरता येत नाही. तेथे प्रत्येक गोळी नवीच विकत घ्यावी लागते.

अमेरिकी नेमबाजासाठी मात्र निष्कर्ष स्पष्ट आहे. बाजार शांत असताना, नियमाच्या मर्यादेत, वर्षभराच्या गरजेपुरती खरेदी करणारा फायद्यात राहतो. घबराटीत धावणारा तोट्यात जातो आणि शेजाऱ्यालाही तोट्यात घालतो.