पारख नसलेला माल

सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा होतो, तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून गाभ्याचा रंग पाहतो; मगच भाव बोलतो. मेफेड्रोन, म्हणजेच 'एम.डी.' या मादक भुकटीला अशी पारख नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाड येथे मिठाच्या पोत्यांआड दडविलेला तिचा साठा पकडला. त्याच वर्षी मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे आणि डिसेंबर २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातील सावरी (ता. जावळी) येथे तर ती बनविण्याचे अड्डेच उघडकीस आले.

अशा ठिकाणी शुद्धतेची परीक्षा कोण करणार? घातक रसायनांचे अंश भुकटीत राहू शकतात. पुढे हातोहाती विकताना नफ्यासाठी आणखी भेसळ होते. पुडीत नेमके काय आहे, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. त्यामुळे काल पचलेली मात्रा आज प्राणावर बेतू शकते. हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो, अंग तापते, झोप उडते, भ्रम होतात, झटकेही येतात.

अशा वेळी घराण्याच्या अब्रूसाठी मुलाला खोलीत कोंडून ठेवणे, हा सर्वांत महागडा सौदा होय. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे व डॉक्टरांना सारे खरे सांगावे. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. विष विकणे जसे वर्ज्य, तसे घरात शिरलेले विष लपविणेही वर्ज्यच मानावयास हवे.