वाळूवाल्याच्या गाडीत बसलेला मित्र साक्षीला येत नाही

"मी कोणासोबत उठतो-बसतो हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे. चळवळीच्या वेळी मी चळवळीत असतो ना!" हे वाक्य आपल्या तरुणांच्या तोंडून आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. या वाक्याशी आम्ही सहमत नाही. सहमत का नाही, हे सांगण्यासाठी आधी एक प्रसंग सांगावा लागेल. या प्रसंगात आमचीही चूक आहे, म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातले नदीकाठचे एक गाव. वस्तीतली चार-पाच पोरे वाळूच्या धंद्यातल्या एका माणसाच्या गाडीत फिरू लागली. सुरुवात ढाब्यावरच्या जेवणाने झाली. मग गाडीत पेट्रोल, मग वाढदिवसाचा बॅनर, मग बाटली. एप्रिलमध्ये जयंतीचा डीजेही त्यानेच दिला. त्या जयंतीला आम्ही भाषण केले. डीजे कोणाच्या पैशाचा आहे हे आम्हाला माहीत होते. आम्ही शीलावर बोललो आणि तेवढे सोडून सगळे बोललो.

आठ महिन्यांनी त्याच माणसाच्या भावाने वस्तीतल्या एका शेतमजूर बाईला, थकलेली मजुरी मागितली म्हणून, रस्त्यावर जातिवाचक शिव्या देऊन मारहाण केली. पोरांनी ते डोळ्यांनी पाहिले. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. जबाब देण्याची वेळ आली तेव्हा पोरे म्हणाली, "आम्ही तिथे नव्हतोच." त्यातल्या एकाने रात्री आम्हाला फोन केला. म्हणाला, "दादा, त्याचं मीठ खाल्लंय. तोंड उघडत नाही."

ही पोरे भेकड नव्हती. मोर्चात पुढे असायची, पोलिसांसमोर घोषणा द्यायची. मग साक्षीच्या दिवशी काय झाले? आमचे उत्तर असे आहे की त्या दिवशी काहीच झाले नाही. जे व्हायचे ते आधीच्या आठ महिन्यांत, एकेका जेवणात, एकेका पेट्रोलच्या चिठ्ठीत होऊन गेले होते. साक्षीच्या दिवशी फक्त हिशेब दिसला.

शील म्हणजे एखाद्या मोठ्या क्षणी अंगात येणारे वारे नव्हे. ते रोजच्या संगतीत साठते आणि रोजच्या संगतीतच झिजते. समाजशास्त्रात 'संदर्भ समूह' नावाची संकल्पना आहे. माणूस स्वतःला कोणाच्या नजरेतून मोजतो, तो त्याचा संदर्भ समूह. त्या पोरांचा संदर्भ समूह आपली वस्ती राहिली नव्हती, ती गाडी झाली होती. गळ्यात निळा गमछा असला तरी मन कोणाच्या नजरेला घाबरते, यावर माणूस ठरतो.

आता कोणी म्हणेल, "म्हणजे फक्त आपल्या जातीतले मित्र करा, असेच ना?" नाही. याचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले. शहरात त्यांना कोणी राहायला जागा देईना. ते एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेले. बडोद्यात बाबासाहेबांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. दोघेही पती-पत्नी मूळचे ब्राह्मण घराण्यातले. शिकलेले, बोलायला गोड असे हे दोन मित्र, पण दार उघडले नाही. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

आता दुसरी बाजू पाहा. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना भेटलेला नवल भथेना हा मित्रही पारशीच होता. १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची दीड हजारांची मदत होती आणि या भथेनाने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या काळात पाच हजार ही केवढी रक्कम होती, याचा विचार करा. लाठी घेऊन आलेलेही पारशी आणि पैसे देणाराही पारशी. पुढे १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

तेव्हा मित्र जातीवरून ठरत नाही, गोड बोलण्यावरून तर नाहीच नाही. अडचणीच्या दिवशी दार उघडते की नाही, यावर ठरतो. आणि उलट बाजूही तितकीच खरी. आपल्याच वस्तीतला, आपल्याच रक्ताचा माणूस ठेकेदाराचा दलाल असू शकतो. 'जयभीम' म्हणणारा प्रत्येक जण कल्याणमित्र नसतो.

'कल्याणमित्र' हा शब्द आपण विहारात ऐकतो, पण त्याचे वजन आपल्याला कळलेले नाही. संयुत्त निकायात आनंद तथागतांना म्हणतात की चांगली मैत्री म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवनच आहे. तथागत त्यांना थांबवतात आणि सांगतात, अर्धे नव्हे, संपूर्ण. लग्नात, गृहप्रवेशात आपण महामंगल सुत्त म्हणतो. त्यात सांगितलेले अगदी पहिले मंगल मूर्खांची संगत न करणे हे आहे. आईवडिलांची सेवा, दान, शील हे सगळे त्याच्या नंतर येते. हा क्रम उगाच नाही.

सिगालोवाद सुत्तात तर बुद्धांनी गृहस्थ तरुणाला मित्राची पारखच शिकवली आहे. चार प्रकारचे लोक मित्राच्या वेषातले शत्रू असतात: फक्त घेणारा, फक्त तोंडाने देणारा, तोंडावर स्तुती करून पाठीमागे निंदा करणारा आणि नाशाच्या कामात सोबत करणारा. दारू, जुगार, रात्री-बेरात्री भटकणे यांत जो सोबत असतो, तो चौथा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कोणत्याही टपरीवर उभे राहून तपासा. मोबाईलवर ऑनलाईन जुगाराची लिंक पाठवणारा कोण? निवडणुकीच्या आदल्या रात्री बाटली पोहोचवणारा कोण? "भाऊ, जिल्ह्यात तुमच्यासारखा नेता नाही," असे म्हणून आपल्याच खर्चाने आपल्याला फुगवणारा कोण?

खरा मित्रही चार प्रकारचा सांगितला आहे: मदत करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि कळवळा असणारा. यातला तिसरा सगळ्यात दुर्मिळ आहे. तो आपल्याला अडवतो. म्हणून तो आपल्याला आवडत नाही. आपल्या किती संघटना फुटल्या, त्या विचारांच्या मतभेदाने किती आणि अडवणारा मित्र सहन न झाल्याने किती, हे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे.

येथे एक आक्षेप योग्य आहे. सामाजिक काम करणारा माणूस व्यसनी पोरांना, बिघडलेल्या पोरांना टाळून चालेल का? सगळे सज्जन आपापली टोळी करून बसले तर वस्तीत जायचे कोणी? आम्ही म्हणतो, जायलाच हवे. तथागत अंगुलिमालाकडे स्वतः चालत गेले. पण ते त्याच्या वाटेने गेले नाहीत, त्याला आपल्या वाटेवर आणले. बिघडलेल्या मित्राला आपल्या संगतीत ओढणे वेगळे आणि आपण त्याच्या संगतीत ओढले जाणे वेगळे. फरक कसा ओळखायचा? सहा महिन्यांनी कोण बदलला ते पाहायचे. तो बदलला नसेल आणि आपण बदललो असू, तर ती समाजसेवा नव्हती.

त्या गावातली गोष्ट अजून संपलेली नाही. त्या पोरांपैकी एकाने शेवटी जबाब दिला. आमच्या भाषणामुळे नाही. पोलीस भरतीची तयारी करणारा त्याचा शाळेतला जुना मित्र रात्री त्याच्या घरी गेला. फार काही बोलला नाही. "उद्या सकाळी मी येतो, सोबत जाऊ," एवढेच म्हणाला. सकाळी गाडीवर मागे बसवून घेऊन गेला आणि जबाब होईपर्यंत बाहेर झाडाखाली थांबला. खटला अजून चालू आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले आहे, संरक्षण मागता येते, प्रवासखर्च मिळतो. पण कायदा रात्री घरी येऊन "उद्या सोबत जाऊ" म्हणत नाही. ते काम मित्राचे आहे.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे थोडेच आहे. जयंती दहा-दहा रुपयांच्या वर्गणीत करा, साधी करा, पण तिचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावता येईल अशी करा. ज्याच्याविरुद्ध उद्या उभे राहावे लागू शकते, त्याचे जेवण आज खाऊ नका. बावीस प्रतिज्ञांत चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्या पाळायला एकट्याची ताकद पुरत नाही, म्हणून ज्याला तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगण्याचा हक्क असेल असा एक तरी मित्र जवळ ठेवा. आणि तुम्हीही कोणाचे तरी तसे मित्र व्हा. आम्हीही ठरवले आहे: यापुढे भाषणाचे निमंत्रण आले की मंडपाचा खर्च कोणी केला, हे आधी विचारणार. निमंत्रणे कमी आली तरी चालतील.

उद्या तुमच्यावर साक्ष देण्याची वेळ आली, तर सकाळी तुमच्या दारात गाडी घेऊन कोण उभे असेल? आज रात्री ज्यांच्यासोबत बसणार आहात, त्यांच्यात तो आहे का, एवढे पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!